शेतात ओलाव्याचा सेन्सर बसवताय? आधी पहार आणि घमेलं घ्या

आमचं शेत मुरबाड तालुक्यात, मी नोकरीला ठाण्यात. भात निघाल्यावर खाचरात भेंडी असते, आणि भेंडी असली की सकाळी साडेसातला, मी स्टेशनच्या पुलावर असताना, बाबांचा फोन असतो: "आज पाणी सोडू का?" ठाण्याच्या पुलावर उभं राहून मी काय सांगणार? या एका प्रश्नासाठी आम्ही मातीत सेन्सर घातला. आता तिसरा हंगाम आहे. पहिला पूर्ण वाया गेला, दुसरा अर्धा.

आपल्या ठाणे जिल्ह्यात पावसाळ्यात पाणी मावत नाही आणि मार्चनंतर विहीर तळाला जाते. ज्या शहापूर तालुक्यात भातसा आणि तानसा ही धरणं आहेत, त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर जातात. तेव्हा भाजीला दिलेला एकेक तास मोजूनच द्यावा लागतो. सेन्सर त्या कामाचा आहे, पण नीट बसवला तर. दुकानदार तुम्हाला ॲप दाखवतो, आलेख दाखवतो, मोबाइलवरून पंप कसा चालू होतो ते दाखवतो. खड्डा कसा घ्यायचा ते कोणी दाखवत नाही. आणि सगळी गोम खड्ड्यातच आहे.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा. सेन्सर शेताचा ओलावा सांगत नाही. त्याला चिकटलेल्या मूठभर मातीचा सांगतो.

१. मोजायचंय काय ते समजून घ्या

आपल्याकडे यासाठी शब्द आहे: वाफसा. भरपूर पाणी दिलं, जास्तीचं निथरून गेलं, माती हातात दाबली तर गोळा होतो पण पाणी सुटत नाही, तो वाफसा. त्यापुढे माती वाळत जाते आणि एक वेळ अशी येते की पाणी मातीत असतं, पण मुळांना ओढता येत नाही. या दोन टोकांच्या मधलं पाणी पिकाचं. सेन्सरकडून आपल्याला एवढंच हवंय की आत्ता आपण या दोन टोकांमध्ये कुठे आहोत.

सेन्सर दोन भाषांत बोलतात. काही टक्के सांगतात, म्हणजे शंभर भाग मातीत पाण्याचे भाग किती. काही सेंटीबार सांगतात, म्हणजे मुळाला पाणी ओढायला किती जोर लागतोय. टक्क्यांत आकडा मोठा म्हणजे ओलं, सेंटीबारमध्ये आकडा मोठा म्हणजे कोरडं. हे लिहून पंपाच्या पेटीवर चिकटवा. आमच्याकडे शून्य सेंटीबार पाहून चुलतभावाने "एकदम सुकलंय" म्हणत दोन तास पंप चालवला होता.

शिवाय टक्के सगळ्या मातींत सारखे बोलत नाहीत. चिकण मातीत २० टक्के म्हणजे पीक तहानलेलं असू शकतं, मुरमाड वरकसात (वरच्या उताराच्या हलक्या जमिनीत) तेच २० टक्के म्हणजे चांगला वाफसा. म्हणून पुण्याकडच्या कुणा शेतकऱ्याने सांगितलेला आकडा आपल्या खाचराला लावायचा नाही.

२. कोणता सेन्सर घ्यायचा

बाजारात नवख्याला चार प्रकार भेटतात.

दोन उघड्या धातूच्या काड्यांचा, शंभर-दीडशे रुपयांत मिळणारा. घेऊ नका. त्यातून वीज वाहते आणि काड्या झिजतात, ओल्या मातीत काही आठवड्यांत आकडे भरकटतात. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी ठीक.

कपॅसिटिव्ह, म्हणजे धातू उघडा नसलेली चपटी पट्टी किंवा बंद दांडा. पाण्याचा परावैद्युत स्थिरांक (विजेच्या क्षेत्राला पदार्थ किती दाद देतो तो आकडा) ८० च्या आसपास, कोरड्या मातीच्या कणांचा ३ ते ५, हवेचा १. या फरकावरून तो ओलावा ओळखतो. यात स्वस्त उघड्या पट्ट्या आहेत आणि राळेत बंद केलेले महाग दांडेही. बंद दांडे थेट टक्के सांगतात, उघडी पट्टी कच्चा आकडा देते, त्याचे टक्के आपण करायचे.

वॉटरमार्क जातीचा, छिद्रं असलेल्या धातूच्या नळीत दाणेदार भरण असलेला. सेंटीबार सांगतो, ० ते २०० पर्यंत. किंमत काही हजारांत, पण नीट सांभाळला तर बरेच हंगाम चालतो.

टेन्शिओमीटर. पाण्याने भरलेली नळी, खाली मातीच्या भांड्यासारखं सच्छिद्र टोक, वर घड्याळ. ना बॅटरी, ना सिम, ना ॲप. ८० सेंटीबारच्या आसपास गेला की त्यात हवा शिरते आणि पुन्हा पाणी भरावं लागतं. भाजीला त्याच्या आतच पाणी द्यायचं असतं, म्हणून चालतो.

पाचवाही एक आहे, कोइमतूरच्या ऊस प्रजनन संस्थेने काढलेला हातातला ओलावा दर्शक. मातीत टोचायचा आणि दिव्याचा रंग बघायचा. निळा म्हणजे भरपूर ओल, लाल म्हणजे लगेच पाणी द्या. घरात कुणी रोज शेतावर जाणारं असेल तर हा पुष्कळ झाला.

माझं मत विचाराल तर शेतावर राहत असाल तर टेन्शिओमीटर घ्या. माझ्यासारखे शनिवार-रविवारचे शेतकरी असाल तर वॉटरमार्क किंवा बंद कपॅसिटिव्ह, आणि मोबाइलवर आकडा. उघडी पट्टी घेऊन स्वतः जोडायची हौस असेल तर मुंबईत लॅमिंग्टन रोडला सगळं सुटं मिळतं. फक्त पट्टीच्या कापलेल्या कडांतून पाणी आत शिरतं, तिथे नेलपॉलिशचे तीन हात द्या आणि वरच्या सर्किटवर एम-सील चढवा. वहिनीची बाटली संपवलीत तर तिथून पुढचं तुमचं तुम्ही बघा.

एक सापळा: तयार यंत्र विकणारे पहिल्या वर्षीची किंमत सांगतात. दुसऱ्या वर्षी ॲपची वर्गणी भरली नाही तर आलेख बंद. आमचं एक यंत्र असंच ऐन फेब्रुवारीत मुकं झालं. विकत घेताना तीन प्रश्न विचारा: दरवर्षी किती, वर्गणी नाही भरली तर यंत्रावरच आकडा दिसेल का, आणि जुने आकडे उतरवून घेता येतात का. उत्तर घुटमळत आलं तर दुसरं दुकान बघा.

३. साहित्य आणि कागद

साहित्य घरात निम्मं असतं: पहार, खुरपं, घमेलं, बादली, मोजपट्टी, बारीक चाळण. मातीचं गिरमिट मिळालं तर उत्तम, दुकानात त्याला ऑगर म्हणतात. नसेल तर पहारीने भागतं. त्याशिवाय अर्धा इंची पीव्हीसी पाइप (वॉटरमार्क त्याच्या टोकाला बसवून खाली सोडायला), वायर घालायला फ्लेक्सिबल पाइप, केबल टाय, हीट श्रिंक नळी (गरम केली की वायरीवर आवळून बसते ती), मल्टिमीटर, पाणी न शिरणारी पेटी (तिच्यावर आयपी ६७ लिहिलेलं बघा), आणि स्वयंपाकघरातला डिजिटल काटा. काट्याचं काय ते पुढे येईल.

कागद सेन्सरला फारसे लागत नाहीत. जीएसटीचं बिल आणि वॉरंटी कार्ड, ज्यावर यंत्राचा क्रमांक लिहिलेला असेल. सिम घालायचं असेल तर ते शेतावर राहणाऱ्याच्या आधारवर घ्या, तुमच्या नको. बंद पडलं, ओटीपी आला, तर सुटसुटीत होतं.

ठिबक नव्याने टाकणार असाल आणि अनुदान घ्यायचं असेल तर मात्र सातबारा, आठ अ, आधार, बँकेचं पासबुक आणि फार्मर आयडी लागतं, अर्ज महाडीबीटीवर. विहिरीची नोंद सातबाऱ्यावर आहे का ते आधी बघून ठेवा. सगळ्यात महत्त्वाचं, पूर्वसंमती हातात येण्याआधी खरेदी करू नका, आधीच्या तारखेचं बिल चालत नाही. सेन्सर अनुदानात बसतो का, हे दुकानदाराला न विचारता तालुका कृषी अधिकाऱ्याच्या कार्यालयात विचारा. दुकानदाराच्या तोंडून मी "नाही" हा शब्द अजून ऐकलेला नाही.

४. जागा

इथे सगळ्यात जास्त वेळ घाला. मी घातला नाही.

पहिल्या वर्षी मी सेन्सर विहिरीजवळच्या बांधालगत बसवला. तिथे मोबाइलला रेंज होती, पंपाची खोली जवळ होती, वायर कमी लागली. रोज आकडा सुंदर यायचा, ३८ टक्के, कधी ३६. मी रोज बाबांना सांगायचो, आज नको. तिसऱ्या आठवड्यात भेंडीची पानं दुपारी मान टाकायला लागली. बाबा एवढंच म्हणाले, "तुझ्या यंत्राला तहान लागत नाही वाटतं." विहिरीचा पाझर त्या बांधाखाली येत होता. सेन्सर खरंच सांगत होता, पण विहिरीच्या कडेची बातमी सांगत होता.

म्हणून जागा निवडताना अशी फिरती करा.

पाणी दिल्यानंतरच्या तिसऱ्या दिवशी सकाळी शेतात चालत जा. कुठे पाय रुततो, कुठे माती आधी पांढुरकी होते, ते बघा. आमच्याकडे एकाच गटात खालची खाचरं काळपट चिकण आणि वरचं वरकस तांबडं मुरमाड असतं. ही दोन वेगळी शेतं आहेत, सातबारा एक असला तरी. सेन्सर एकच असेल तर जो भाग आधी सुकतो आणि जिथे पीक बऱ्यापैकी आहे, तिथे बसवा. सगळ्यात वाईट कोपऱ्यात नाही, त्या कोपऱ्याच्या हिशेबाने पाणी दिलंत तर बाकी शेताची मुळं कुजतील.

बांधापासून, पाटापासून, झाडाच्या सावलीपासून, गुरांच्या वाटेपासून आणि जुन्या उकिरड्यापासून लांब. निदान पाच-सहा मीटर.

ठिबक असेल तर नळीच्या सुरुवातीचं आणि शेवटचं टोक सोडा, मधला एक-तृतीयांश भाग घ्या. तोट्या तिथल्या तपासा. एका मिनिटात बाटलीत किती पाणी पडतं ते तीन-चार तोट्यांवर मोजा. ताशी २ लिटरच्या तोटीतून मिनिटाला ३३ मिलिलिटर पडायला हवं. ज्या तोटीजवळ सेन्सर घालणार तीच अर्धी तुंबलेली असेल तर सगळा हंगाम तुम्ही एका कचऱ्याच्या कणाच्या सल्ल्याने शेती कराल.

सेन्सर तोटीच्या बरोबर खाली नको. तिथे कायम चिखल असतो. तोटीपासून १० ते १५ सेंमी बाजूला, झाडांच्या ओळीतच, दोन झाडांच्या मध्ये. रोपं उगवून दोन आठवडे झाल्यावर बसवा, म्हणजे मर झालेल्या झाडाशेजारी सेन्सर राहत नाही. मेलेलं झाड पाणी ओढत नाही, तिथली माती ओलीच राहते.

आणि बिनमहत्त्वाचं वाटणारं एक: जागेचा फोटो काढा, बांधापासून पावलं मोजा आणि लिहून ठेवा. भेंडी कमरेएवढी झाली की तुमचा तुम्हालाच सेन्सर सापडत नाही.

५. किती खोल

भाजीला दोन सेन्सर घ्या, एक १५ सेंमीवर, एक ३० सेंमीवर. वरचा सांगतो पाणी कधी द्यायचं, खालचा सांगतो किती द्यायचं. आंबा, चिकूसारख्या झाडांना ३० आणि ६० सेंमी. एकाचेच पैसे असतील तर भाजीत २० सेंमी.

पण आपल्या खाचरांची एक गोष्ट कुठल्याही माहितीपत्रकात नसते. वर्षानुवर्षं चिखलणी करून साधारण १५ ते २० सेंमीखाली एक घट्ट थर बसलेला असतो. तो भाताला हवाच असतो, त्यामुळे तर खाचरात पाणी उभं राहतं. भाजीला मात्र तो आडवा येतो. पहार मारताना वरची माती सहज जाते आणि मग ठक्क असा आवाज येऊन हाताला झिणझिण्या येतात, तोच. पाणी या थरावर तुंबतं आणि मुळंही तिथेच आडवी पसरतात. अशा शेतात ३० सेंमीवरचा सेन्सर आठवडेच्या आठवडे एकच आकडा दाखवतो आणि माणसाला वाटतं यंत्र बिघडलं. म्हणून आधी दोन-तीन ठिकाणी पहारीने थर किती खोल आहे ते बघा. थर असेल तर वरचा सेन्सर त्याच्या चार-पाच सेंमी वर बसवा. खालचा थराखाली घालायचा तर फक्त पाणी थर ओलांडून वाया जातंय का, एवढंच बघायला.

उभ्या भाताला हा सेन्सर लावू नका. पाण्याखालच्या मातीत तो तुम्हाला काय नवीन सांगणार? भाताला ३० सेंमी लांबीचा, खालच्या अर्ध्या भागाला भोकं पाडलेला पाइप निम्मा मातीत रोवून आतली पाण्याची पातळी बघतात. पातळी जमिनीखाली १५ सेंमी गेली की पाणी. फुलोऱ्याच्या वेळी मात्र ही काटकसर करायची नाही. खर्च एका पाइपच्या तुकड्याचा.

६. खड्डा, राबडी आणि बसवणं

वॉटरमार्क असेल तर दोन दिवस आधी तयारी. सकाळी अर्धा तास पाण्यात, संध्याकाळपर्यंत बाहेर वाळवा, पुन्हा अर्धा तास पाण्यात, पुन्हा वाळवा. असं दोनदा झालं की बसवण्याच्या आदल्या रात्री पूर्ण बुडवून ठेवा. सकाळी पाण्यात असतानाच आकडा बघा. ० ते ५ सेंटीबार आला पाहिजे. नाही आला तर तो सेन्सर तिथूनच दुकानात परत. मातीत गेल्यावर तुमचं कोण ऐकणार? कपॅसिटिव्ह असेल तर कोरड्या फडक्याने पुसून हवेत एक आकडा आणि ग्लासभर पाण्यात, वरच्या रेघेपर्यंत, एक आकडा लिहून घ्या. स्वस्त पट्ट्यांत पाण्यातला आकडा लहान आणि हवेतला मोठा येतो, गोंधळू नका.

आता खड्डा. सेन्सरपेक्षा जरासा रुंद, बस. फावड्याने हातभर खड्डा खणून सेन्सर ठेवून माती लोटायची, हे करू नका. मोकळी केलेली माती पाणी वेगळं धरते, महिने गेले तरी.

१५ सेंमीसाठी पहार सरळ उभी मारा, थोडी फिरवा, काढा, पुन्हा मारा. निघालेली माती एका बाजूला, खोलीच्या क्रमाने ठेवा. वरची वर, खालची खाली. तळाची मूठभर माती चाळून घमेल्यात घ्या, खडे आणि काश्या काढा, पाणी घालून हाताने मळा. घट्ट नको, पाण्यासारखीही नको, थालीपिठाच्या भिजवलेल्या पिठापेक्षा पातळ आणि भज्यांच्या पिठाएवढी. बोट बुडवून वर काढलं तर बोटावर थर राहिला पाहिजे. ही राबडी दोन-तीन चमचे भोकात सोडा आणि सेन्सर हळू खाली दाबा. राबडी बाजूने वर चढताना दिसली पाहिजे, एखादा बुडबुडा फुटतो, फक्क करून. तो बुडबुडा म्हणजेच तुमचा शत्रू होता. सेन्सरभोवती हवेची फट राहिली तर कपॅसिटिव्ह हवा मोजत बसतो आणि वॉटरमार्कला माती लागतच नाही.

पट्टी असेल तर उभी घाला, आडवी नको. आडव्या पट्टीवर पाणी थांबतं.

मग माती परत भरा, ज्या क्रमाने काढली त्या क्रमाने, चार-चार बोटांच्या थरांत, प्रत्येक थर काठीने हलका दाबत. जोरात ठोकू नका. शेवटी पाइपभोवती किंवा वायरीभोवती बोटभर उंचवटा करा. हा उंचवटा केला नाही तर पाणी वायरीच्या कडेने थेट खाली उतरतं आणि पाणी सोडल्यावर पाच मिनिटांत ३० सेंमीचा सेन्सर "ओलं, ओलं" ओरडायला लागतो. असं झालं तर समजा बसवण्यात चुकलं. उकरा, परत बसवा.

दोन्ही सेन्सर एकाच भोकात घालू नका. हातभर अंतरावर दोन भोकं.

काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात आणि भेग नेमकी सेन्सरच्या कडेनेच जाते. दर पंधरा दिवसांनी बघा, भेग दिसली तर बारीक माती आणि पाण्याने बुजवा. भिवंडी आणि ठाण्याच्या खाडीकडच्या खारजमिनीवाल्यांनी मात्र कपॅसिटिव्ह घेण्याआधी मातीची क्षारता तपासून घ्यावी. क्षार वाढले की तो माती आहे त्याहून ओली दाखवतो.

७. वायर, पेटी आणि रेंज

वायरीला सगळे शत्रू आहेत. उंदीर कुरतडतात, कोळपणीच्या वेळी खुरपं लागतं, मोकाट गुरं पाय अडकवतात. फ्लेक्सिबल पाइपमध्ये घालून वीतभर खोल पुरा आणि ओळीच्या दिशेनेच न्या, ओळ कापून नको. जोड मातीखाली ठेवायचाच नाही, वायर कमी पडली तर लांब वायर आणा.

आणि राब. फेब्रुवारी ते मे आपल्याकडे भाताच्या रोपासाठी राब भाजतात, म्हणजे रोपाच्या तुकड्यावर पालापाचोळा पसरून जाळतात, हे ठाण्या-मुंबईच्या दुकानदाराला माहीत नसतं. वायर राबाच्या तुकड्यातून गेली असेल तर तिचा कोळसा होतो. आमची गेली. दोष कुणाचाच नव्हता, काकांना वायर कुठून गेली ते ठाऊकच नव्हतं. वायरीच्या वाटेवर दोन्ही टोकांना आणि मध्ये चुन्याने रंगवलेला दगड ठेवा आणि घरातल्या सगळ्यांना एकदा चालवून दाखवा.

पेटी दीड-दोन मीटर उंच खांबावर, पिकाच्या वर. वायर पेटीत खालून घ्या आणि घेण्याआधी खाली एक झोल सोडा, म्हणजे दव आणि पाणी झोलावरून गळून जातं, आत शिरत नाही. सोलर पॅनेल दक्षिणेकडे कललेलं. चोरीची भीती असेल तर खांबाचं बुजगावणं करा. आमच्या पेटीला माझा जुना ऑफिसचा शर्ट घातलाय, पॅनेल टोपीच्या जागी. पक्षी घाबरतात की नाही देव जाणे, पण पेटीला ऊन लागत नाही आणि लांबून कुणाला यंत्र दिसत नाही.

रेंजचं असं. सिमवालं यंत्र घेताना ते टू-जी आहे की फोर-जी विचारा आणि तुमच्या शेतात कोणाचं काय पकडतं ते त्याच जागी उभं राहून फोनवर बघा. टू-जीचं यंत्र आणि फक्त फोर-जी असलेलं सिम, ही जोडी कधीच बोलणार नाही. डोंगराच्या कुशीत रेंज नसेल तर लोरा. शेतातून घरापर्यंत रेडिओने, घरातून वाय-फायने. भारतात त्यासाठी ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा विनापरवाना आहे. परदेशी साइटवरून ९१५ चं यंत्र स्वस्त दिसतं, घेऊ नका.

८. आकडा आपल्या मातीशी जुळवा

हे लोक टाळतात. वॉटरमार्क आणि टेन्शिओमीटरवाल्यांनी टाळलं तरी चालेल, टक्केवाल्यांनी एकदा करायलाच हवं.

पीव्हीसी पाइपचा ५ सेंमी आतला व्यास आणि ५ सेंमी उंचीचा तुकडा कापा. त्यात साधारण ९८ घन सेंमी माती मावते. सेन्सरपासून हातभर अंतरावर, त्याच खोलीवर, हा तुकडा लाकडाच्या ठोकळ्याने मातीत ठोका, अख्खा काढा, दोन्ही तोंडं सुरीने साफ कापा. माती ताटलीत काढून वजन करा. त्याच क्षणीचा सेन्सरचा आकडा लिहा. मग माती १०५ अंशांवर वाळवा. प्रयोगशाळेत २४ तास ठेवतात, घरी ओटीजीत ठेवून दर दोन तासांनी वजन करा, दोनदा सारखं आलं की झालं. वहिनीने "केकच्या भट्टीत माती?" असं विचारलं होतं. प्रश्न रास्त होता. पहिल्या पावसाचा वास दोन दिवस घरात होता.

समजा ओली माती १६९ ग्रॅम आणि वाळलेली १४०. पाणी २९ ग्रॅम, म्हणजे २९ मिलिलिटर. २९ भागिले ९८, साधारण ३० टक्के. सेन्सर तेव्हा ३६ म्हणत असेल तर तो तुमच्या मातीत ६ ने पुढे बोलतो. असं एकदा वाफशाच्या दिवशी आणि एकदा माती बरीच वाळल्यावर करा. दोन ठिकाणचा फरक कळला की पुरे.

वाफशाचा दिवस कोणता? संध्याकाळी भरपूर पाणी द्या, वर गवत किंवा गोणपाट झाका. हलक्या जमिनीत २४ तासांनी, भारी जमिनीत ४८ तासांनी जो आकडा स्थिर होतो, तो तुमचा वाफसा. पेटीच्या आतल्या बाजूला तारखेसह लिहा.

९. पहिले तीन आठवडे

बसवल्यावर आठवडाभर सेन्सरचं ऐकू नका. राबडी वाळते, माती बसते, आकडे उड्या मारतात. नेहमीसारखं पाणी देत राहा आणि रोज सकाळी सहा-सातला आकडा लिहा. दुपारचा आकडा घेऊ नका, तापमानाने तो हलतो. विद्राव्य खत सोडल्यावरही कपॅसिटिव्हचा आकडा उगाच चढतो, त्या दिवसापुढे वहीत "खत" असं लिहा.

दुसऱ्या आठवड्यापासून आकड्याशेजारी हाताची परीक्षा. सेन्सरच्या खोलीवरची माती खुरप्याने काढून मुठीत दाबा. गोळा होतो, बोटांना ओल लागते: पाणी नको. गोळा होतो पण उंचावरून टाकला की फुटतो: आज-उद्या. गोळाच होत नाही: उशीर झाला. बाबा हे पन्नास वर्षं करतायत, आणि सेन्सर त्यांच्या मुठीशी जुळल्यावरच त्यांनी मला पुलावर फोन करणं थांबवलं.

सेंटीबारमध्ये बोलायचं तर १० च्या खाली म्हणजे माती चिंब, १० ते ३० ठीक, ३० ते ६० मध्ये बहुतेक मातीत पाणी द्यायची वेळ. आमच्या मुरमाड वरकसात मी ३० ला पाणी देतो, खालच्या चिकणात ४५ पर्यंत थांबतो. टक्के असतील तर वाफशाचा आकडा आणि झाड दुपारी मान टाकतं तो आकडा, यांच्या मधोमध सुरुवात करा.

आलेख करवतीच्या दात्यांसारखा दिसायला हवा: पाणी दिलं की चढ, मग सावकाश उतार (हे टक्क्यांचं, सेंटीबारचा आलेख उलटा). दिवसा उतार जास्त आणि रात्री जवळजवळ सपाट असेल तर मुळं पाणी ओढतायत, छान. खालचा सेन्सर प्रत्येक पाण्याला चढत असेल तर पाणी मुळांखाली चाललंय, पंपाची वेळ पाव तासाने कमी करा आणि चार दिवस बघा. खालचा उतरतच राहिला तर वेळ वाढवा. पंप आपोआप चालू करणारी जोडणी पहिल्या हंगामात नको. वीज रात्री दोनला येते, तोटी निसटलेली असते आणि सकाळी विहीर रिकामी असते.

१०. काढणं

मेअखेर, मृगाच्या आधी, सगळं बाहेर काढा. चिखलणीचा पॉवर टिलर काही विचारत नाही. वायर धरून ओढू नका. सेन्सरभोवती पाणी ओता, अर्धा तास थांबा, खुरप्याने बाजूची माती मोकळी करा, मग हातात येतो. नळाखाली बोटाने धुवा, ब्रश नको. सावलीत वाळवा, बॅटरी वेगळी काढा. टेन्शिओमीटरमधलं पाणी ओतून द्या. वायरीच्या टोकांना हीट श्रिंकच्या टोप्या घाला आणि प्रत्येक सेन्सरला चिकटपट्टी लावून खोली, जागा आणि वाफशाचा आकडा लिहा. आमचे दोन्ही माळ्यावरच्या पत्र्याच्या डब्यात असतात. त्यातल्या एकावर बाबांच्या अक्षरात लिहिलंय: "वरकस, १५ सेंमी, खरं बोलतो." दुसऱ्यावर फक्त "विहीर".